काटा साडेचारवर येईपर्यंत

लोक विचारतात, हवालदारसाहेब, लढाई पाहिली का? पाहिली. पण ती सांगायला माझ्याहून बरे लोक आहेत. मी वर्कशॉपचा माणूस, व्हेइकल मेकॅनिक. मला विचारायचंच तर ब्रेकचं विचारा. ते कोणी विचारत नाही.

माझं गाव उमरीजवळ. नोकरीची बरीच वर्षं डोंगरात आणि बर्फात गेली, आणि ऐन दुष्काळात पोस्टिंग आली ती माझ्याच मुलखात. नांदेडला आमचा तात्पुरता कॅम्प होता. काम बंदुकीचं नव्हतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. खेड्यातल्या म्हाताऱ्या फौजी पेन्शनरांना आपली कचेरी जुनी की नवी हेच कळेना. दुष्काळात पोटाचे आणि छातीचे आजार वाढलेले. म्हणून आर्मीने एक डॉक्टर गाडीत बसवून गावोगाव पाठवला. त्या गाडीसोबत मी.

गाडी म्हणजे जुन्या बसच्या चासीवर बांधलेलं घर. आत चार बंक, स्टोव्ह, डॉक्टरांचं टेबल, एक पंखा, कोपऱ्यात वायरलेस सेट. कागदोपत्री ती कॅराव्हॅन. आम्ही घरगाडी म्हणायचो. आम्ही तिघं तिच्यातच राहायचो. डॉक्टर कॅप्टनसाहेब उत्तरेकडचे, हिंदी बोलायचे आणि तेही मोजकं. ड्रायव्हर नाईक बसवंत, उदगीरच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. गळ्यात लिंग, तोंडात सदा बडबड. घाटात गाडी अशी वळवायचा की बंकवर झोपलेल्याला जाग येऊ नये. असा ड्रायव्हर मी पुन्हा पाहिला नाही.

आता ब्रेक. ही गाडी हवेवर थांबायची. इंजिन चालू असलं की कॉम्प्रेसर हवा भरतो, ती खालच्या टाक्यांत साठते, आणि पेडल दाबलं की तीच हवा चाकांचे ब्रेक आवळते. हवा नसेल तर पेडल दाबून उपयोग शून्य. नव्या गाड्यांत हवा संपली की ब्रेक आपोआप लागतात. आमच्या म्हातारीत ती सोय नव्हती. उभी असताना हँडब्रेक आणि चाकाखाली दगड, एवढाच आधार. डॅशबोर्डवर हवेचा काटा होता. साडेचार किलो दाबाच्या खाली काटा असेल तर गाडी हलवायची नाही, हा माझा हुकूम.

मागच्या डाव्या चाकाचा रबरी डायफ्राम बारीक हवा सोडत होता. नवा मागितला होता, आला नव्हता. इंजिन चालू असताना कॉम्प्रेसर त्याला पुरून उरायचा. बंद केलं की हळूहळू टाक्या रिकाम्या.

"उस्ताद, तुमचं लग्न त्या काट्याशी लागलंय," बसवंत म्हणायचा. "घरी वहिनीला सांगू का?"

"सांग. आधी दगड लाव."

टाक्यांत हवेबरोबर पाणी साठतं. ते रोज सकाळी खालची तोटी उघडून सोडावं लागतं, नाहीतर व्हॉल्व्ह गंजतात. भोकरच्या बाजूला एका गावात मी तोटी उघडली, तर एक बाई पळत आली आणि धारेखाली तांब्या धरला. काळंपिवळं, तेल मिसळलेलं पाणी. म्हटलं, बाई, हे पिऊ नका. ती म्हणाली, "प्यायला न्हाई, म्हशीच्या अंगाला लावते." खरं की खोटं, देव जाणे. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी ते काम गावाबाहेर करू लागलो.

जळकोटच्या पुढे डोंगरावर एक गाव होतं. वरती शाळा, शाळेपासून दगडी कुंपणांमधून एक सरळ उतार, आणि उताराच्या तोंडाशी विहीर. गावातून निघायची वाट तीच. आम्ही सकाळी शाळेपाशी गाडी लावली, हवा टिकावी म्हणून इंजिन चालूच ठेवलं. दगड लावले.

तिथे लान्सनायक मारोती सोनकांबळे आले. रिटायर्ड, आर्मीचेच ड्रायव्हर. गाव त्यांना मिलिटरी म्हणायचं. मेडल लावून, मिशा पिळून आले आणि कॅप्टनसाहेबांना असा सॅल्यूट ठोकला की शाळेतली पोरं खिडकीत जमली. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, मागच्या डाव्या चाकापाशी थांबले आणि मला म्हणाले, "हवा खाऊन राहिली की ही."

"डायफ्राम हाय, मामा."

"मंग बदला की राव. म्हातारीला उपाशी ठेवू नका."

साहेबांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि कपाळाला आठी पडली. "इंजन बंद करो. कुछ सुनाई नहीं दे रहा."

बसवंतने इंजिन बंद केलं. साहेबांनी बराच वेळ ऐकलं. मग मिलिटरींना बंकवर झोपवलं, इंजेक्शन दिलं आणि हालू नका म्हणाले. ऊन मी म्हणत होतं. पत्र्याखाली त्यांना घाम सुटलेला, म्हणून पंखा लावला. वायरलेसही चालू. दोन्ही बॅटरीवर. दुपारी त्यांची छाती एकाएकी दुखू लागली. साहेब म्हणाले, "उदगीर ले चलो. अभी."

बसवंतने स्टार्टर दाबला. टक् झालं आणि गप्प. बॅटरी उतरली होती. सेटपुरती जेमतेम धुगधुगी उरली होती.

मी सेट उचलला. "बेस, बेस, कॅराव्हॅन. जीप कुठे? ओव्हर."

"जीप भोकरला. एक्सल गेला. ओव्हर."

"सीरियस पेशंट आहे. दुसरी गाडी? ओव्हर."

"आज नाही. ओव्हर."

तेवढ्यात खाली विहिरीवर पाण्याचा टँकर आला. सगळं गाव घागरी घेऊन धावलं. टँकर वाटेत आडवाच उभा राहिला. आम्ही त्याची बॅटरी काढून वर आणली. टँकरवाला चिडला, पण मिलिटरींचं नाव ऐकून स्वतःच एका बाजूने उचलायला लागला. वायरी जोडल्या, इंजिन लागलं. काटा शून्यावर होता.

बसवंतने दगडांकडे बोट केलं. "काढा उस्ताद. पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेकवर उतरवतो."

"हवा भरू दे."

"माणूस मरून राहिला!"

"खाली बघ."

खाली विहिरीच्या काठाला अख्खं गाव रांगेत होतं, आणि बॅटरीविना टँकर जागचा हलत नव्हता. मी ओरडून लोकांना बाजूला व्हायला सांगितलं. मिलिटरींच्या घरच्या, चंद्रकलाबाई, स्वतः खाली पळत गेल्या आणि हात जोडू लागल्या. लोक दोन पावलं सरायचे, टँकरची तोटी सुटायची, की पुन्हा रांगेत. आठ दिवसांनी आलेलं पाणी. त्यांना दोष कसा देऊ?

बसवंत माझ्या अंगावर आला. डोळे लाल. "साहेब, ऑर्डर द्या!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हवालदार?"

"नहीं साब. ब्रेक नहीं है."

तेव्हा बंकवरून आवाज आला. मिलिटरी बोलले. "काटा कितीवर हाय?"

"एक किलो, मामा."

"गाव उभं हाय खाली. बिनहवेची गाडी सोडायची न्हाई." मग बसवंतला म्हणाले, "पोरा, बस सीटवर. रेस दे."

बसवंत बसला. रेस देत राहिला, इंजिन बोंबलत होतं. मी दाराशी उभा राहून काटा वाचत होतो. मिलिटरी मधूनमधून विचारायचे आणि मी खरं सांगायचो. दोन. अडीच. त्या फाटक्या डायफ्राममधून हवा निघून जात होती, काटा चढायचा आणि अडायचा. मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. तीन झाले तेव्हा मिलिटरी म्हणाले, "भरून राहिली. बेस झालं." साडेतीनला नुसता हात हलवला. चारला मी सांगितलं, तर काहीच नाही.

साडेचारला मी दगड काढले. खालचा टँकर तोवर रिकामा झाला होता, तो लोकांनी खांदे लावून बाजूला ढकलला होता. बसवंतने गाडी उतारावरून उतरवली, विहिरीपाशी पेडल दाबलं आणि गाडी अंगठ्याएवढीही न सरकता उभी राहिली. चंद्रकलाबाई आत चढल्या. मग आम्ही सुसाट निघालो. साहेब गुडघ्यांवर बसून छाती दाबत होते. घाट उतरेपर्यंत दाबत राहिले.

"रोक दो," ते म्हणाले. टोपी काढली.

बसवंतने गाडी रस्त्याकडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडला. मी खाली उतरून चाकांना दगड लावले. दुसरं काय करणार होतो?

उदगीरला न जाता आम्ही त्यांना गावी परत आणलं. संध्याकाळी अंघोळ घालायची वेळ आली. टँकर कधीच रिकामा झाला होता. तेव्हा रांगेतली माणसं आपापल्या घागरी घेऊन आली आणि प्रत्येकाने एक एक तांब्या पातेल्यात ओतला. पातेलं भरलं, दुसरं आणलं. चंद्रकलाबाई म्हणाल्या, "बास करा. एवढं पाणी सांडलेलं त्यांना आवडलं नसतं." पण कोणी थांबेना.

बसवंत माझ्याशेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "उस्ताद, मी उतरवली असती."

"हाव. तू उतरवली असतीस."

मी ते त्याची समजूत घालायला म्हणालो नाही. मला खरंच तसं वाटत होतं, आणि आजही वाटतं. त्याचा हात होताच तसा. पण हात चुकला असता तर त्या पाणी ओतणाऱ्यांतले किती उरले असते? नियमाने पाहिलं तर मी बरोबर होतो. साहेबांनी तसं लिहूनही दिलं. नियमाने झोप येत नाही.

त्यानंतर आम्ही दोघं यावर बोललो नाही. बोलायला हवं होतं. बसवंतची बदली उत्तरेला झाली. हिवाळ्यात कॉन्व्हॉय नेताना पुढचा रस्ता खचला आणि त्याची गाडी दरीत गेली. मागच्या गाड्या थांबाव्यात म्हणून त्याने शेवटपर्यंत हॉर्न दाबून धरला होता, असं त्याच्या युनिटच्या सुभेदारांनी मला सांगितलं. मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या.

नाईक बसवंतचं नाव स्मारकाच्या दगडावर कोरलंय. लान्सनायक मारोती सोनकांबळ्यांचं कुठेच नाही, कारण ते पेन्शनर होते, आपल्या गावात गेले. माझ्या हिशेबी दोघंही ड्युटीवर गेले. उदगीरला गेलो की मी बसवंतच्या वडिलांच्या दुकानात बसतो. ते चहा मागवतात आणि दर वेळी एकच विचारतात, माझा पोरगा गाडी कशी चालवायचा? मी सांगतो, "अप्पा, कुठल्याही उतारावरून उतरवली असती त्यानं."