बिस्कीट नावाचा कॉम्प्युटर

तारा, जोएल — मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कधी भूत पाहिलंस का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरंच आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि परीक्षेत कोणी कुणाचं बघून लिहिलं ते शोधलं. लोक ज्याला चमत्कार म्हणतात त्याच्या मागे बहुधा एखादा माणूस दडलेला असतो, हा माझा अनुभव. चर्चला मी मनापासून जाते, पण अंगात येणं, करणी, दृष्ट... यातलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. तरीही एक गोष्ट अशी आहे की ती मी क्रमाने मांडू शकते, उलगडू मात्र शकत नाही. या सदरात इतर लोक आपले अनुभव लिहितात, म्हणून मीही इथेच लिहिते. लिहिते तुमच्यासाठी, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही राहुरीला, विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला राहत होतो. तुमचे आजोबा विद्यापीठात मातीच्या प्रयोगशाळेत होते. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि रूथ, म्हणजे तुमची आई. ती रोज एसटीने नगरला जाऊन एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथे चपला बाहेर काढून आत जावं लागे आणि आत गेल्यावर मुलांना माउसने घर आणि डोंगर काढायला शिकवावं लागे. रूथला त्याचा अगदी वीट आला होता.

पुण्याच्या एका कंपनीत एक जागा होती. अट अशी की स्वतः लिहिलेला, चालता प्रोग्रॅम घेऊन यायचं आणि तो समजावून सांगायचा. रूथला ती जागा हवी होती, आणि मला ती तिला मिळायला हवी होती.

तिचा प्रोग्रॅम कशाचा होता ते मला समजलं तसं सांगते. तेव्हा बहुतेक ठिकाणी एक मोठा कॉम्प्युटर सगळ्या फाईली सांभाळायचा आणि बाकीचे त्याच्याकडे मागायला जायचे. रूथ म्हणायची, तो मधला मालक नकोच. कॉलनीत आपण विरजण कसं मागतो? ज्या घरी आहे त्या घरी जातो. तसं प्रत्येक कॉम्प्युटरने आपल्याकडच्या फाईली मांडायच्या आणि ज्याला हवी त्याने थेट तिथून घ्यायची. यासाठी तिने एक लायब्ररी वापरली होती. पुस्तकांची नव्हे... कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली कामं असतात, आपण नाव घेऊन सांगायचं, "हे पाठव", "हे घे", की ती करते.

फाईलचे तुकडे होऊन ते एकामागून एक वायरीतून जातात. त्या प्रवासातल्या टप्प्यांना रूथने आपल्या एसटीच्या थांब्यांची नावं दिली होती. तुकडा राहुरीत चढायचा, देहऱ्याला त्याची मोजणी, विळदला तपासणी, नगरला उतरायचा. मला ते फार आवडलं होतं. पण प्रोग्रॅम लहान फाईल नीट न्यायचा आणि मोठी मोडायचा. मधले तुकडे गायब. कितीतरी आठवडे तिला त्याचं कारण सापडत नव्हतं.

चाचणीला दोन कॉम्प्युटर लागतात. दुसरा आणला आनंदने — तुमच्या बाबांनी. तेव्हा तो फक्त क्लासमधला सहकारी होता. पारनेर तालुक्यातला मुलगा, आपलं मशीन गोधडीत गुंडाळून दुधाच्या टेम्पोतून आमच्या दारात घेऊन आला. मला ते पटलं नाही. दुसऱ्याच्या नोकरीसाठी आपला महागाचा कॉम्प्युटर कोण असा हिंडवतो? मी त्याला चहा दिला आणि त्याच्यावर नजर ठेवली.

रविवार होता. उपासनेहून आलो, जेवणं झाली, आणि दोघं पुढच्या खोलीत टेबलाशी बसले. दोन कॉम्प्युटर, मध्ये एकच काळी वायर, तिच्या दोन्ही टोकांना टोपणं, म्हणजे तिसरं काही जोडायला जागाच नव्हती. फोनचा या कशाशी संबंध नव्हता. प्रोग्रॅम सुरू करताना आपलं नाव द्यावं लागे. रूथने दिलं RAHURI, आनंदने NAGAR. पडद्यावर दोन नावं यायला हवी होती.

आली तीन. तिसरं होतं BISKIT.

"हे तू टाकलंस?" रूथने विचारलं.

"मी कशाला टाकू? मला वाटलं तूच," आनंद म्हणाला.

रूथ माझ्याकडे वळली. तिचा चेहरा पाहून मी हातातला टॉवेल खाली ठेवला. कारण सांगते. लहानपणी रूथला विळद घाटाच्या वळणांवर उलटी व्हायची. मग आजोबा तिला घेऊन घाटातच उतरायचे, तिच्या हातात ग्लुकोजचं बिस्कीट द्यायचे, आणि तिला बरं वाटलं की मागून येणाऱ्या एसटीला हात करायचे. तिथे काही थांबा नव्हता. बापलेक त्या जागेला "बिस्कीट" म्हणायचे. हे ती दोघं आणि मी, एवढ्यांनाच माहीत.

"तू याला सांगितलंस?" मी रूथला आत बोलावून विचारलं.

"नाही."

"बोलता बोलता?"

"मम्मी, मला एसटीत उलटी व्हायची हे मी त्याला का सांगेन?"

हे उत्तर मला पटलं. त्या वयात मुली अशा गोष्टी सांगत नाहीत.

मी वायर हाताने चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. टेबलाखाली वाकले, खिडकीबाहेर पाहिलं. काही नव्हतं. मग आनंदचं मशीन बंद करायला लावलं आणि त्याला ओट्यावर बसवलं. पडद्यावरून NAGAR गेलं. BISKIT तसंच राहिलं. वायर काढली की जायचं, लावली की यायचं.

मी ओट्यावर गेले. "आनंद, रूथच्या कॉम्प्युटरमध्ये तू काय घालून ठेवलंयस?"

"काय न्हाई हो बाई."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"तुमी आत्ताच रागावलाय." तो हसला, मग माझं तोंड पाहून सरळ बसला. "बाई, माज्याकडं एवढं डोकं असतं तर मीच न्हाई का गेलो असतो पुन्याला? हितं कशाला बसलो असतो तुमच्या वट्यावर?"

हेही खरं होतं. पण खरं वाटणारी उत्तरं मी वर्गात पुष्कळ ऐकली होती.

त्या तिसऱ्या कॉम्प्युटरने एकच फाईल मांडली होती. तिचं नाव रूथच्या प्रोग्रॅमचंच होतं. रूथने ती घेतली. फाईल चांगली मोठी होती, आणि अख्खी आली. एकही तुकडा हरवला नाही. आनंदने दारातून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "रूथ, तिकडचा पाठवणारा थांबतोय." म्हणजे चूक पाठवण्यात होती आणि तिकडे ती दुरुस्त झालेली होती.

रूथने ती उघडली. तिचाच प्रोग्रॅम, तिच्याच थांब्यांसकट. फक्त देहरे आणि विळदच्या मध्ये एक नवा थांबा होता, BISKIT. लायब्ररीला "पाठव" म्हटलं की ती किती पाठवलं ते परत सांगते. रूथ ते उत्तर कधी वाचतच नव्हती. राहुरीला गाडीत बसलेला माणूस नगरला उतरणारच, हे ती धरून चालली होती, थांब्यांच्या नावांमुळेच. इथे मात्र जो तुकडा गाडीत मावला नाही तो उतरून थांबायचा आणि मागच्या गाडीने यायचा.

रूथ रडायला लागली. "पप्पांनी पाठवलंय," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढली आणि ओळ न् ओळ वाचायला बसले. मला ती भाषा येत नव्हती, पण रूथची सवय मला माहीत होती. काम करता करता उठावं लागलं की का उठली ते ती तिथेच एका ओळीत लिहून ठेवायची — "मम्मी चहा", "लाईट गेली" — म्हणजे परत आल्यावर जागा सापडते. त्या नव्या थांब्याच्या लगेच खाली अशीच एक ओळ होती: "मीना मावशी आली."

"मीना कधी आली होती?" मी विचारलं.

माझी बहीण मीना श्रीरामपूरला असते. नाताळनंतर ती आमच्याकडे फिरकली नव्हती. आणि खरं सांगते — मला खूप बरं वाटलं. नक्कल करणारा नेहमी असाच सापडतो. रूथची सवय ओळखून कुणीतरी तिच्यासारखं लिहायला गेला आणि न घडलेली गोष्ट लिहून बसला.

"हे पप्पांचं नाही," मी म्हटलं. "पप्पा मीनाच्या नावाने थाप मारणार नाहीत. हे कुणाचं आहे ते कळल्याशिवाय यावर तुझं नाव घालायचं नाही."

"मम्मी, परवा पुण्याला जायचंय."

"हे पुसून टाक. उद्या स्वतः लिही. पाहिलेलं विसरता येत नाही हे मला कळतं, पण समोर न ठेवता लिहून दाखव. नाही जमलं तर मोडकं घेऊन जाऊ."

तिने माझ्यासमोर ती फाईल पुसली. पुसताना एवढंच म्हणाली, "तू पप्पांना घराबाहेर काढलंस." आनंदला मी घरी पाठवलं. त्याचं मशीन राहू दिलं, पण बंद.

सोमवारी सकाळी रूथ लिहायला बसली आणि मी तिच्या मागे, परीक्षेत पहाऱ्याला बसते तशी. दुपार होत आली. ती एकसारखी लिहीत होती. आणि फाटक वाजलं.

दारात मीना. घामाने निथळत, हातात पिशवी. "अगं, नगरला निघाले होते, गाडी तुमच्या स्टँडवरच बंद पडली. म्हटलं दुसरी मिळेपर्यंत जाऊन येऊ. पाणी दे आधी."

मी पाणी द्यायच्या ऐवजी विचारलं, "तुला आनंदने बोलावलं का?"

"कोण आनंद?" मीना म्हणाली. "उन्हाने तुझं डोकं फिरलंय का, ताई?"

रूथ मावशीला भेटायला उठून आली होती. मी आत जाऊन पडदा पाहिला. नव्या थांब्याच्या लगेच खाली, आदल्या दिवशी मी वाचली होती तिथेच, ती ओळ होती. "उठताना हात गेला, मम्मी," रूथ म्हणाली. "लिहून झाल्यावर लक्षात आलं." तिने मुद्दाम लिहिली असंही म्हणता येईल, मी तसं म्हणून पाहिलं. पण मीनाची गाडी बंद पाडणं तिच्या हातात नव्हतं.

मीना गेल्यावर रूथने राहिलेला भाग पुरा केला. मग दोन्ही मशीन लावून मोठी फाईल पाठवून पाहिली. अख्खी गेली. तेवढ्यात तिसरं नाव पुन्हा आलं. या वेळी त्याने काही मांडलेलं नव्हतं. पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकू लागली: BISKIT तुमची फाईल घेत आहे. रूथने आत्ताच लिहिलेली फाईल. पट्टी पूर्ण भरली, आणि नाव गेलं. त्यानंतर ते कधीच आलं नाही.

रूथने पट्टी होती त्या जागेवर बोट ठेवलं. "म्हणजे काल आलेलं ते हेच," ती म्हणाली. "माझंच."

"मग घाल नाव," मी म्हटलं.

पुण्याला मी तिच्याबरोबर गेले आणि बाहेरच्या बाकावर बसले. ती बाहेर आली तेव्हा जागा तिला मिळाली होती, पण चेहऱ्यावरून ते कळत नव्हतं.

"काय विचारलं?"

"सगळं स्वतः लिहिलंस का, म्हणून."

"मग?"

"हो म्हटलं." आम्ही एसटीत बसलो. मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "रविवारी रात्रभर मला वाटत होतं पप्पांनी पाठवलं. हो म्हणताना ते माझ्याच तोंडाने खोडलं."

त्या नोकरीतून ती पुढे परदेशी गेली, आनंदही मागोमाग गेला, आणि तुम्ही तिकडे जन्मलात. इतकी वर्षं मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा तपासलंय. कॉम्प्युटरमधल्या जाणत्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं जुन्या नोंदी कधी कधी पडद्यावर राहतात, कुणी म्हणालं वायरीतला दोष. मीनाच्या ओळीबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही. तुमच्या बाबांवरचा माझा संशय पूर्ण गेलेला नाही, आणि त्यांना ते माहीत आहे. सुट्टीत आले की विचारतात, "बाई, अजून चोर सापडला न्हाई का?"

ते रूथने लिहिलं हे मी शपथेवर सांगेन, मी तिच्या मागेच बसले होते. रविवारी ते आमच्या घरी कोणी पाठवलं, ते मला माहीत नाही. तुमच्या आईला हे वाचून दाखवा आणि एवढं सांगा, की ज्यांच्यावर संशय घेता येईल अशांमध्ये आजी अजून तिच्या पप्पांनाही धरते.