दादा गाडी लगेच बंद का करत नसे

गेल्या रविवारी आमच्या अंगणात दादाची गाडी भंगारात द्यायची तयारी चालली होती. संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता... मी इथे फारसं लिहीत नाही, पण हे लिहावंसं वाटलं.

दादा, माझा मोठा भाऊ, गणपतीच्या आधी गेला. बोटीवर नोकरीला असताना त्याचा डावा गुडघा कायमचा दुखावला. क्लच दाबवेना, म्हणून त्याने ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. वहिनी हिच्यावरच शिकल्या. गिअरची गाडी त्यांना येत नाही, आणि त्यांची शाळा धामापूरच्याही पुढे... एसटीच्या वेळा शाळेशी जुळत नाहीत.

दादा गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली होती. बाहेर काढली तर विचित्रच वागायला लागली. ‘डी’वर टाकली की आधी काहीच नाही... मग एकदम धक्का. रस्त्यावर इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही. बऱ्याच वेळाने वरचा गिअर पडायचा, तोही पाठीत बुक्की बसल्यासारखा.

मला काही कळेना. पेट्रोल बदललं, प्लग बदलले... फरक शून्य.

शेजारचे बाबलकाका आले. त्यांचं आयुष्य ट्रॉलरच्या इंजिनाजवळ गेलंय. आमच्याकडे तेल बघायचं ते सकाळी, इंजिन थंड असताना... होडीचं असो की गाडीचं. तसंच त्यांनी गिअरबॉक्सची तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल खुणेच्याही वर. नंतर कुडाळहून मेकॅनिक आला, त्यानेही तसंच बघितलं. म्हणाला, “तेल भरपूर आसा. बॉक्सच गेलो. आता ह्येचे पार्ट खंय मिळतले?”

वहिनी एवढंच म्हणाल्या, “देवन् टाका.” आणि आत गेल्या.

तर रविवारी. बॅटरी उतरलेली, म्हणून काकांच्या टेम्पोवरून वायर लावून गाडी चालू केली आणि बॅटरी चार्ज व्हावी म्हणून कट्टा गावापर्यंत फिरवून आणली. काकांनी बजावलं, “बंद करू नको हां रे. परत चालू जावची नाय.”

गाडी घरातून जाणार, तर देवाला गाऱ्हाणं घालायलाच हवं. नारळ हातात घेऊन काका बॉनेटसमोर उभे राहिले. “बा देवा म्हाराजा... आज ही गाडी ह्या अंगणातसून भायर पडता, म्हाराजा...” आम्ही दोघं-चौघं “व्हय म्हाराजा!” म्हणतोय. इंजिन चालूच. काकांचं गाऱ्हाणं सुरू झालं की लवकर संपत नाही... ग्रामदेवतेपासून कुणकेश्वरापर्यंत सगळे येऊन जातात.

तेवढ्यात आतून आवाज आला. “अवो, बंद करा ती गाडी! पेट्रोल काय दर्यातसून येता?”

वहिनीच. रोज दादाला ओरडायच्या तश्शा.

काकांचा हात नारळासकट तसाच राहिला. वहिनी दारात आल्या, तोंडाला पदर लावून.

आणि मला दादा दिसला... घरी आल्यावर गाडी बंद न करता, गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर नेऊन परत आणायचा, मग उतरून बॉनेट उघडायचा. आम्हाला वाटायचं, बोटीवरची सवय. कोणी विचारलंही नाही.

इंजिन चालू, गरम... मी गाडीत बसलो, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवला. मग बॉनेट उघडून पट्टी पुसली, घातली, काढली. फक्त टोक ओलं होतं.

काका म्हणाले, “आवशीक खाव... तेव्हा सकाळी बघितली तर भरलेली होती!” ते खोटं नव्हतं. नंतर कळलं की इंजिन बंद असलं की वरचं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. ह्या गाडीचं तेल चालू इंजिनावरच बघायचं. कुठूनतरी थोडं थोडं गळत होतं... आणि दादा रोज बघून भर घालत होता.

भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी कुडाळहून गिअरबॉक्सचं लाल तेल आणलं, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतलं. धामापूरच्या रस्त्याला गिअर कधी बदलला, तेच कळलं नाही. मेकॅनिकने नंतर गळकं सीलही बदललं.

दादा गेल्यानंतर काल वहिनी पहिल्यांदाच ती गाडी घेऊन शाळेतून आल्या. अंगणात थांबल्या. दांडा सगळीकडे फिरवला, पण उतरल्या नाहीत. इंजिन चालू ठेवून घराच्या दाराकडे बघत बसल्या... बराच वेळ.

मी पडवीत होतो. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. काय करावं कळेना... मग ओरडलो, “वयनी, बंद करा ती गाडी! पेट्रोल काय दर्यातसून येता?”

त्या हसल्या. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. मग उतरून बॉनेट उघडलं.

दादाने आम्हाला न सांगता आणखी काय काय सांभाळलं होतं, कोण जाणे... हे एक तरी सापडलं.