सोलर कुकरचे काळे डबे

सरकारी सूट या शब्दाचा मला अजून राग येतो. आताच्या मुली सहज सांगतात की अमुक घेतलं, तमुक बसवलं, सबसिडी मिळाली. मी ऐकून घेते आणि गप्प बसते. सबसिडी म्हणजे काय हे मला विचारा. एका सोलर कुकरच्या सबसिडीपायी मी जेवढी वैतागले तेवढी पुढे बाळंतपणातही वैतागले नाही.

गोष्ट ऐंशीनंतरची आहे. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई. गॅसला नंबर लावून वर्षं झाली होती आणि तो काही लागत नव्हता. सगळा स्वयंपाक रॉकेलच्या एका स्टोव्हवर. त्याच स्टोव्हने दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना धडा शिकवला होता. पंप मारताना भडका उडाला, लुगड्याचा पदर पेटला आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. जखम भरली, भीती काही गेली नाही. त्या दिवसापासून त्यांनी विस्तवाला हात लावला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून भाजी निवडून देत, पण काडी ओढायची म्हटलं की त्यांचे हात गार पडत. देवापुढचा दिवासुद्धा मीच लावायची.

आणि नेमकी तेव्हाच मला नोकरी चालून आली. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका शाळेतल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. त्यांच्या जागी मला घ्यायला मुख्याध्यापिका तयार होत्या, आणि काम आवडलं तर पुढे कायम करू असंही त्या म्हणाल्या होत्या. माझं डी.एड. होऊन सहा वर्षं झाली होती. प्रमाणपत्र ट्रंकेत साड्यांखाली पडून होतं. शाळा सकाळची. सव्वासहाला घर सोडायचं आणि परत यायला दोन वाजायचे. यजमान एका छापखान्यात होते, ते एक वाजता सायकलवर घरी जेवायला येत. पहाटे पाण्याचा नळ, आंघोळी, पोळ्या एवढं उरकलं असतं. वरणभात उरकला नसता, आणि पहाटेचा भात दुपारी खायची आमच्या घरात कुणाची तयारी नव्हती. यजमानांना स्टोव्ह पेटवता येत नव्हता का? येत होता की. पण तसा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. मीही विचारला नाही, याचा राग मला आता येतो.

तेवढ्यात शेजारच्या बाईंनी सोलर कुकरचं सांगितलं. पेटीसारखा असतो, झाकणाला आतून आरसा, खाली दोन काचा आणि आत बाहेरून काळे रंगवलेले चार डबे. डाळतांदूळ पाणी घालून ठेवायचे, पेटी उन्हात मांडायची आणि मधून मधून उन्हाकडे फिरवायची. ना विस्तव, ना रॉकेल. नागपूरचं ऊन, त्याला कोण नाही म्हणेल? पेटी फिरवण्याचं काम सासूबाई करू शकत होत्या. मला वाटलं, सुटले.

यजमान म्हणाले, "घेऊ, पण सूट मंजूर झाली तरच ठेवू. नाही झाली तर महिन्याच्या आत दुकानदाराले परत."

म्हणजे सूट मंजूर झाली तर कुकर, कुकर राहिला तर नोकरी. इतका सरळ हिशेब होता, आणि तो सरळ होता म्हणूनच बिघडला.

त्या सबसिडीचा अर्ज म्हणजे एक प्रकरणच होतं. रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती, तीन फोटो, आणि स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, की आमच्या घरी याआधी दुसरा सोलर कुकर नाही. जसं काही लोक घरोघरी सोलर कुकरांची रांग लावूनच बसले होते. मी तीन वेळा त्या कचेरीत गेले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा फोटोत चेहऱ्यावर सावली. तिसऱ्यांदा बाबू म्हणाला, "बाई, घर कोणाच्या नावानं आहे? सासूच्या ना? मग अर्जही सासूचाच पायजे." मी तिथेच बाकावर बसून सगळा अर्ज पुन्हा लिहिला. खाली बारीक अक्षरात एक अट होती, साहेब घरी येऊन पाहणी करतील, त्या वेळी अर्जदाराने स्वतः अन्न शिजवून दाखवावे. अर्जदार कोण, तर आमच्या सासूबाई. कपाळ माझं.

पण त्यांना ते आवडलं. दोन वर्षं ज्या बाईला घरात नुसती भाजी निवडायला मिळाली, तिला सरकार बोलावून सांगत होतं की तुम्ही शिजवून दाखवा. आठ दिवस आम्ही रोज कुकर लावून पाहिला. वरणभात साडेबाराला तयार, मऊ, वाफाळता. सासूबाई झाकण उघडायच्या आणि स्वतःच म्हणायच्या, "शिजलं वं. खरंच शिजलं."

पाहणीचा दिवस फेब्रुवारीतला, शनिवारचा. सोमवारी मला शाळेत हजर व्हायचं होतं, नाहीतर मुख्याध्यापिका दुसरी बाई बघणार होत्या. साहेब बाराला येणार होते. सकाळी मी चहासाठी साखर, बिस्किटं आणि एक काडेपेटी आणायला दुकानात गेले. साखरेच्या रांगेत दीड तास गेला, परत आले तोवर सासूबाईंनी कुकर अंगणात मांडूनही टाकला होता. नवं लुगडं नेसून शेजारी पाट टाकून बसल्या होत्या. "तू हात नको लावू," म्हणाल्या. "अर्जात माझं नाव आहे." काचेवर ऊन इतकं चमकत होतं की आत बघवत नव्हतं. मी कशाला बघायला जाते?

साहेब बाराऐवजी पावणेएकला आले. काखेत फाईल, डोक्याला रुमाल. पाणी प्यायले आणि म्हणाले, "उघडा, आजी."

सासूबाईंनी झाकण वर केलं. आत चार डबे लखलखत होते. चांदीचे वाटावेत असे. भात कचकचीत कच्चा आणि डाळ पाण्याच्या तळाशी तशीच बसलेली.

"रंग कुठं गेला यांचा?" साहेबांनी विचारलं.

"घासला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता. "राख, विटकरीचा भुगा, चिंच. सकाळपासून घासून राहिली होती. तुमच्यासारखा माणूस घरी येणार, अन् असे काळेकुट्ट भांडे तुमच्यापुढं ठेवू काय?"

आमच्याकडे बाईची परीक्षा भांड्यांवरूनच होते. पाहुणा यायचा म्हटलं की आधी घंगाळ घासलं जातं, मग घर झाडलं जातं. सासूबाईंनी तेच केलं, आयुष्यभर केलं तेच. काळा रंग हीच त्या डब्यांची सगळी करामत आहे, तो ऊन ओढून घेतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मी नाही. मी फक्त म्हटलं होतं, डबे बाहेरून घासायची गरज नाही. गरज नाही म्हटलं की त्यांना वाटलं, सून आळस करते आहे.

साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. "आजी, काळ्या रंगाशिवाय हे शिजत नाही. मी पलीकडच्या वस्तीत दोन घरं पाहून चारच्या सुमारास याच रस्त्यानं परत जातो," ते म्हणाले. "तोवर शिजलं तर ठीक. नाही तर मले उपयोगात नाही असाच शेरा मारावा लागेल." आणि गेले.

ते गेले आणि माझा तोल गेला. सहा वर्षांत मी त्या घरात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "आई, तुमच्या मनातच नव्हतं मी नोकरी करावी. सरळ नाही म्हणायचं होतं. हे असं कशाला केलं?" त्यांनी पेटीचं झाकण लावून टाकलं. मला एवढं बोलूनही बरं वाटलं नाही. पैसे घेतले आणि पायात चपला सरकवून रंगाच्या दुकानाकडे निघाले.

भर उन्हात दोन दुकानं पालथी घातली. एक दुपारचं बंद. दुसऱ्याने काळा रंग दाखवला आणि वर विचारलं, "लोखंडी गेटले का?" मी डबे म्हटलं तर हसला. "आज लावाल तर उद्या सुकेल, बाई. अन् खायच्या भांड्याले लावू नका, वास मारते." मी तशीच परत फिरले. वाटेत मनातल्या मनात मुख्याध्यापिकांना काय सांगायचं ते जुळवत होते. सासूबाईंची तब्येत बरी नाही, असंच काहीतरी. खोटं बोलायची वेळ आली म्हणून आणखी चिडले.

गल्लीत शिरले तर आमच्या घरामागून काळा धूर निघत होता. साधा नाही, टायर जळाल्यासारखा. मी धावतच परसात गेले.

परसात आंघोळीचं पाणी तापवायची चूल होती. रोज पहाटे मी ती पेटवायची. त्या चुलीपुढे सासूबाई बसल्या होत्या. नवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पदर कमरेला घट्ट गुंडाळलेला. चुलीत तुरीच्या झाडाच्या ओल्या तुराट्या आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. डबे त्यांनी उपडे घातले होते आणि चिमट्याने एकेक फिरवत होत्या. तीन काळेभोर झाले होते, चौथा अर्धा. डाळतांदूळ पातेल्यांत काढून ठेवले होते.

"काळंच पायजे होतं तर तसं सांगायचं होतं वं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "काळं करायले काय लागते?"

मी खाली बसले आणि चौथा डबा हातात घेतला. डबे गार झाल्यावर डाळतांदूळ पुन्हा भरले आणि पेटी उन्हात नेली. नंतर दोघी अंगणात बसून राहिलो. मी पेटी फिरवत होते, त्या सावली कुठे पडते ते सांगत होत्या. यजमान त्या दिवशी उशिरा, अडीचला आले आणि दुधात पोळी कुस्करून खाऊन गेले. भाताचं विचारलंही नाही. आम्हा दोघींची तोंडं बघून त्यांना काहीतरी समजलं असावं.

साहेब सव्वाचारला आले. झाकण उघडलं तर वाफ आली. त्यांनी भाताचं शीत बोटांनी दाबून पाहिलं, डाळ पळीने हलवून पाहिली आणि कागदावर लिहिलं, उपकरण चालू स्थितीत. सासूबाईंनी अंगठा उठवला. काजळीने हात इतके माखले होते की शाई लावायची गरजच पडली नाही. साहेब निघाले तशा त्या दारापर्यंत गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भांडे काळे आहेत साहेब. नाव नका ठेवू."

सूट मात्र माझ्या रजेच्या नोकरीचे दोन पगार होऊन गेल्यावर आली, त्यातही नावात एक अक्षर चुकलं म्हणून बँकेने परत पाठवली. तो वैताग वेगळाच.

त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं. दिवेलागणीला मी देवापुढे दिवा लावायला गेले. सकाळची नवी काडेपेटी उघडली, तर रिकामी. एकसुद्धा काडी नव्हती. मी परसात गेले. चुलीभोवती सगळीकडे काड्या पडल्या होत्या. गुल तेवढं जळलेलं आणि बाकी काडी जशीच्या तशी. पेटवली की हातातून पडली, पुन्हा पेटवली की पुन्हा पडली. पेटी संपेपर्यंत.

मी त्यांना काय बोलले होते ते मला आठवलं. तिथेच मातीत बसून मी त्या काड्या वेचल्या. रडू आवरत नव्हतं, आणि आत जाऊन माफी मागायचीही हिंमत होत नव्हती. ती मी पुढे कधीच मागितली नाही.

आत गेले तेव्हा सासूबाई अंधारात देवापुढे हात जोडून बसल्या होत्या.

"आई, काड्या संपल्या," मी म्हटलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "सोमवारी शाळेतून येताना घेऊन ये."