दहाच्या पेजेचं गाऱ्हाणं

"ह्येका व्हय कोण म्हणतलो?"

कुणी काहीही बोललं की काका कानामागे हात धरून असं विचारायचे. मग ते उमेदवाराचं भाषण असो, नाहीतर माझं एखादं पेटलेलं पत्रक. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता. त्यांनी देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. ज्या बोलण्यामागून व्हय येत नाही, ते त्यांच्या लेखी नुसतं वारं.

बांद्याजवळच्या एका काजू कारखान्यात ते पॅकिंगला होते आणि मी पाकिटांवरचा मजकूर लिहायचे. कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड होती तेव्हा दहा वाजता सगळे मिळून पेज प्यायला बसत, मालकसुद्धा. मालकाच्या ताटलीतला सुक्या बांगड्याचा तुकडा काका हमखास पळवत.

"बाबू, तुका दुपारी सुरमय गावतली. हो तुकडो माका आसांदे!"

मालक पोट धरून हसायचे.

मग कंपनी वाढली. शेडच्या कोपऱ्यात काचेची केबिन आली. भिंतीवर 'आपण एक कुटुंब' अशी पाटी लागली आणि त्याच आठवड्यात दहाची पेज बंद झाली. उत्पादनात खंड पडतो म्हणे! तुम्ही कुठेही नोकरी केली असेल तर ही पाटी ओळखाल. कुटुंब भिंतीवर चढतं तेव्हा खाली माणसांत ते फारसं उरलेलं नसतं.

काका पाटीखाली उभं राहून म्हणाले, "कुटुंब म्हणतत आणि पेज नाय? सावत्र दिसता!"

सगळे हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी मालकाला 'बाबू' म्हणणं सोडलं. 'साहेब' म्हणू लागले. ते ऐकताना मलाच कसंसं व्हायचं.

मी रागाने पत्रक लिहिलं. शोषण, मुजोरी, हक्क, सगळं त्यात होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, दोनदा 'वा!' केलं आणि कानामागे हात नेला.

"भाषा झकास आसा गो बाय. पण ह्येका व्हय कोण म्हणतलो? सही करूक सांगलंस तर सगळे मुतूक जातले."

पुढे काजू सोलायचं नवं यंत्र आलं. मालकांनी त्यांनाच बोलावलं, "काका, गाऱ्हाणं तुम्हीच घाला."

यंत्रापुढे नारळ ठेवला. सगळे हात जोडून उभे राहिले, मालक सर्वांत पुढे, डोळे मिटून.

"बा देवा म्हाराजा! ह्या नव्या यंत्राक बरकत दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"साहेबांची भरभराट होवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि धा वाजताची पेज जी कोणी बंद केली आसात, त्येका बरी बुद्धी दी आणि ती उद्यापासून चालू करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पत्रा हादरला. आणि त्या आवाजात सर्वांत खणखणीत आवाज मालकांचा होता. लहानपणापासूनची सवय ती, तोंडातून आपसूक निघून गेलं. मग त्यांनी डोळे उघडले. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. देवासमोर दिलेला व्हय या मुलखात कोण मागे घेतो? मालक आधी लाल झाले, मग पूर्वीसारखे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी दहाला पेज आली. मालकही आले, पण मोबाईल घेऊन.

"काका, कालचं गाऱ्हाणं पुन्हा एकदा घाला. फक्त शेवटी आपल्या काजूचं नाव घ्या. जाहिरात करू."

त्यांनी ताटली खाली ठेवली. "गाऱ्हाणा देवाक घालतत, साहेबानू. गिऱ्हायकाक नाय."

आवाज चढला नव्हता. पण महिनाअखेर त्यांनी काम सोडलं. सोडताना मला म्हणाले, "पेज गावली, बाबू काय परत गावलो नाय." आणि लगेच हसून, "तुझी पत्रका चालू ठेव हां. कोण तरी व्हय म्हणतलो."

आता ते धामापूरला लेकीकडे असतात. इथे रोज दहाला ताटल्या वाजतात. त्यांच्या जागेवर कुणी बसत नाही. तिथे बांगड्याचा एक तुकडा ठेवतात आणि मग तो पळवण्यासाठी झुंबड उडते. काल तो मालकांनी पळवला.

"ह्येका व्हय कोण म्हणतलो?" पॅकिंगमधून कुणीतरी ओरडलं.

सगळी शेड एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"