वनमालाने पूजेला मांडलेले गठ्ठे

आमची वनमाला रेकॉर्ड रूम सांभाळते. उपनगरातलं सरकारी ऑफिस आहे, कुठलं ते विचारू नका, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. ती मूळची मालवणची, वडील गिरणीत होते, आता राहते नाहूरला. आणि भांडखोर किती! कागद बाहेर न्यायचा तर साहेबांकडूनही सही घेते, वर विचारते, "परत कधी आणताय?" हेडक्लार्क व्हायची तिची फार इच्छा. यंदा तिचा नंबरही लागणार होता.

गेल्या वर्षी साहेबांनी जुने कागद लगद्याला पाठवायचं काढलं. मुदत संपलेले पाठवतातच, त्यात काही नाही. पण वनमालाने गठ्ठे सोडून बघितले, तर आत कांदिवलीच्या एका चाळीच्या पाहणीचे कागद. कोणती खोली कोणाची, कधीपासूनची, सगळं त्यात. ते कायम ठेवायचे असतात. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. कागद गेले असते तर त्या माणसांनी खोली आपलीच म्हणून दाखवायचं कशावरून?

तिने लेखी कळवलं. उत्तर नाही. उलट टेम्पो ठरला, तोही दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळे गडबडीत असणार म्हणून.

तिथेच साहेब फसले. त्या दिवशी आमच्याकडे टेबलं, कपाटं, कॉम्प्युटर, सगळ्याची पूजा होते, आणि पूजेला मांडलेलं दसरा होईपर्यंत कोणी हलवत नाही. वनमालाने सकाळीच ते गठ्ठे मधोमध रचले, वर झेंडूची माळ घातली आणि साहेब येताच त्यांच्या हातात ताट दिलं. "पहिला मान तुमचा, साहेब." सगळा स्टाफ बघत उभा. साहेबांनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मग गठ्ठे कसले ते त्यांना कळलं. काय चेहरा झाला होता यार!

दुपारी टेम्पो आला. हमालांनी झेंडू बघितला आणि ते नमस्कार करून मागे फिरले.

दसऱ्याला ही बया आपट्याची पानं घेऊन त्या चाळीत दारोदार गेली. "सोनं घ्या, आणि उद्या येऊन कागद बघायचा अर्ज टाका." अर्ज पडला की तो निकाली निघेपर्यंत कागद नष्ट करता येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यापर्यंत रांग! वरून चौकशी आली आणि कागद बचावले.

साहेबांनी बदली होऊन जाता जाता हिला मेमो दिला, कामात अडथळा आणला म्हणून. तिच्या फाईलला लावायला तो माझ्याच टेबलावर आला. मी हळूच म्हटलं, "वनमाला, बढती अडेल गं. हा आपण हरवून टाकू ना, कोण विचारतंय?"

अशी भडकली! चिडली की ती मालवणीत जाते. "काय गो कुंदा, माझ्याविरुद्धचो कागद म्हणून हरवतलंस? मगे साहेबात आणि माझ्यात फरक काय ऱ्हवलो?" माझ्या हातातून मेमो ओढला, शिक्का मारला, स्वतः फाईलला लावला.

बढती गेलीच. मला अजून राग येतो, त्या मेमोचा आणि हिचाही.

यंदाच्या पूजेला चाळीच्या गठ्ठ्यांशेजारी मी तिची फाईल मांडली. "ही कशाला गं?" ती म्हणाली. मी फाईलवर कुंकू वाहिलं आणि मला रडूच आलं.