ओसरीवर मी गप्प बसलो

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. मुलांनी त्यांच्या आईबद्दल विचारलं की तिच्या कष्टाचं सांगायचो, तिच्या हातच्या भाकरीचं सांगायचो. एवढं सोडून सगळं.

आमचं घर मोरगावच्या बाजूला, जिरायत रानात. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, वैशाखात परतायचो. त्या वर्षी बायको घरी राहिली, कारण थोरला आठ महिन्यांचा होता, अंगावर पीत होता. बाळंतपणानंतर तिची पाळी अजून आली नव्हती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाळी आलेली बाई चार दिवस बाजूला बसायची, आणि ती एकदाही बसली नव्हती.

वैशाखात परतलो तर ती सहा महिन्यांची गरोदर.

मी हातपाय धुवायच्या आतच आईनं तिला ओसरीसमोर उभं केलं. आबा, माझे वडील, खांबाला टेकून बसले होते.

"ह्यो गेला तवा तुला पाळी न्हवती. मग ह्याचं कसं आसंल? मागनं आली आसंल, अन् तू लपवलीस. इटाळाच्या हातानं देवाला दिवा लावलास, अन् वर ह्ये!"

"आत्याबाई, आलीच न्हाय. लेकराची आन."

"जलमभर गाभण मेंढ्यांचं दिस मोजतीया मी. मला शिकवू नगंस."

ती माझ्याकडं वळली. "तुमी सांगा की."

दिवाळीआधी मी तिच्याजवळ गेलो होतो. मूल पीत असताना नवऱ्यानं लांब राहायचं, ही आमच्यातली रीत. ती मोडल्याचं आबांसमोर कबूल करायची मला लाज वाटली. शिवाय पाळीच नाही तर दिवस कसे राहतील, ही शंका मलाही होती. खरं तर ती मला सोयीची वाटली. मी पायताणाचा बंद सोडत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिला माहेरी, निरवांगीला धाडलं. तिथं मुलगी झाली. नऊ दिवस जगली. मी तिला पाहिलं नाही.

पुढं पाय चिघळला म्हणून बारामतीच्या दवाखान्यात गेलो. तिथं नर्सबाई एका बाईला समजावत होत्या, की पाळी परत यायच्या आधीसुद्धा दिवस राहतात, मूल पीत असलं तरी. मी तसाच निरवांगीला गेलो आणि बायकोला घेऊन आलो. का आलो ते तिला सांगितलं नाही. घरीही नाही.

त्यानंतर दर महिन्याला बाजूला बसताना ती अंगणातून मोठ्यानं सांगायची, "आत्याबाई, मी बसलीया. बघून घ्या." आई वारल्यावर ती तेच मला सांगू लागली.

आता तीही नाही. एकट्यात तिची माफी मागितली असती तरी पुरली नसती. त्या ओसरीवर, तिच्यादेखत, मोठ्यानं म्हणायचं होतं: आई, आबा, हे मूल माझं आहे. हिला काही बोलू नका. चुकलो तो मी.