गोलामागच्या स्टँडचा अहवाल

मामांनी बावीस वर्षांत एकही गोल धड पाहिला नाही. मैदानाकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड, हीच त्यांची नोकरी. गोलामागच्या स्टँडचे ते मुख्य रखवालदार. सामना संपला की एक छापील कागद भरायचा: प्रेक्षकांनी शिवीगाळ केली का? मामा न चुकता लिहीत, 'काही ऐकू आलं नाही.' खरं तर ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. पण तसं लिहिलं तर फुटबॉल संघटना क्लबला रिकाम्या मैदानात खेळायला लावणार, आणि क्लब म्हणजे मामांचं दुसरं घर. घरची लक्तरं वेशीवर कोण टांगतो?

त्या दुपारी पाहुण्या संघाचा काळा गोलकीपर मामांपासून दहा पावलांवर उभा होता. पहिल्या मिनिटापासून स्टँडमधून माकडांचे आवाज निघाले. मग त्याचा रंग, मग त्याची आई. मामांचे जावईही त्यात होते, लेकीला खांद्यावर घेऊन. मामांची ती चार वर्षांची नात मोठ्या हौसेने तोच आवाज काढत होती. शेवटी गोलकीपरने हातमोजे काढले आणि तो मैदानाबाहेर निघून गेला.

क्लबच्या सेक्रेटरींनी नेहमीसारखा कागद पुढे सरकवला. मामांनी या खेपेला सगळं लिहिलं, रांगांच्या नंबरांसकट. सामना छोट्या लीगचा, कॅमेरा एकच, तोही मुका. त्यामुळे सारी भिस्त या कागदावर होती. तो मान्य झाला तर शिक्षा क्लबला, नाहीतर खेळ सोडला म्हणून गोलकीपरला. मामांच्या मुलीने विचारलं, "बाबा, स्वतःच्या जावयाची रांगसुद्धा?" आणि नातीला घेऊन येणं बंद केलं.

संघटनेच्या समितीपुढच्या सुनावणीत क्लबच्या वकिलाने मामांना खोटं ठरवायचे कष्टच घेतले नाहीत. त्याने जुने कागद टेबलावर ठेवले. बावीस वर्षं, दर सामन्याला, मामांच्याच टपोऱ्या अक्षरात एकच ओळ. ज्यांना जन्मात काही ऐकू आलं नाही, त्यांना निवृत्तीच्या तोंडावरच बरं ऐकू आलं, एवढंच तो म्हणाला. समितीतला एक जण चक्क हसला. क्लब निर्दोष सुटला आणि गोलकीपरवर तीन सामन्यांची बंदी आली.

मामांनी गोलकीपरला व्हरांड्यात गाठलं. आपण खरं तेच लिहिलं होतं, असं कसंबसं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मागच्या वर्षीही मी इथे खेळलो होतो."

"हो."

"तेव्हाचा कागदही तुम्हीच भरलात?"

मामांनी होकारार्थी मान हलवली.

"तेव्हा ऐकू आलं होतं?"

"आलं होतं," मामा म्हणाले.

गोलकीपरने बॅग खांद्याला अडकवली आणि तो जिना उतरून गेला.